टॅपेट बोलतोय

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा वर्सोव्याला. मेट्रोतून उतरलो तेव्हा पाठीवर सॅक, काखेत चादर आणि तोंडावर असं हसू, की रिक्षावाल्याने विचारलं, लग्नाला चाललाय का. म्हटलं, तसंच समज.

नाहूरच्या घरी अजून भूकंप चालू असणार. बाबा बँकेत, आई शाळेत. आमच्या खानदानात हाताला ग्रीस लागणारा मी पहिलाच. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, तू इथे झाडू मारायला येतोस का. मी जर्नल टेबलावर ठेवायच्या ऐवजी त्यांच्या अंगावर ठेवलं. जरा लांबून. कॉलेजने माफीनामा मागितला, मी दिला नाही, विषय संपला. डोकं तापलं की मला काही दिसत नाही आणि थंड होईपर्यंत उशीर झालेला असतो, असं आई म्हणते.

पण ते निमित्त. खरं कारण दिशा. वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, वडिलांची मच्छीमारी बोट. महिन्यापूर्वी वर्गाच्या ग्रुपवर तिने टाकलं होतं, की आमच्या बोटींची इंजिनं बघणाऱ्या धाकूमामांना हाताखाली माणूस हवाय, कोणी ओळखीचं असेल तर सांगा. तिने सगळ्यांना विचारलं होतं. मी एकट्यानेच ते मनावर घेतलं.

धाकूमामा साठीचे, मूळचे देवगडकडचे. बाप गिरणीत फिटर, हे बोटीवर. खाडीच्या कडेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे, वर पोटमाळा, तो मला. सर म्हणालो तर म्हणाले, मामा म्हण, सर हंय कोण नाय. मला ते झिला म्हणतात, म्हणजे पोरा. त्यांनी ही जाड पुठ्ठ्याची वही दिली. बजावलं, इंजिनाचे गॅप लिवन ठेव, मनातला लिव नको. मी दोन्ही लिहिणार.

संध्याकाळी दिशा आली. म्हणाली, तू खरंच आलास? येडा आहेस का रे? एवढं प्रेमाने मला आजवर कोणी येडा म्हटलं नव्हतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवसांत जे शिकलो ते कॉलेजात तीन वर्षांत नाही.

मामा इंजिन बघत नाहीत, ऐकतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत काय चाललंय ते थेट कवटीत येतं. डोक्यावरच्या झाकणाखाली रॉकर असतात, छोटे छोटे सीसॉ. एका टोकाला खालून दांडी ढकलते, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी फट ठेवायची, तोच गॅप. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला बारा, धूर बाहेर टाकणाऱ्याला अठरा. इंचाचे हजारावे भाग, पण इथे नुसतंच बारा-अठरा म्हणतात. फट मोजायला फिलर गेजच्या पातळ पट्ट्या. फट कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि गुपचूप जळतो. वाढली तर आवाज येतो, टक टक टक. त्याला इथे म्हणतात टॅपेट बोलतोय. मामांच्या तोंडी, टॅपेट बोलता.

पण प्रत्येक टकटक टॅपेटची नसते. रेस द्यायची. इंजिनाबरोबर आवाज पळाला तर टॅपेट. नाही पळाला तर दुसरं काहीतरी, ढिली पट्टी म्हणा, सुटलेला नट म्हणा.

आज मामांनी माझी परीक्षा घेतली. मी डोळे मिटून ऐकतोय, आणि चालू इंजिनात चार नंबरच्या सिलिंडरपाशी टकटक. टॅपेट म्हणणार होतो, पण आधी रेस दिली. इंजिन पळालं, टकटक मागे राहिली, अडखळली. म्हटलं, मामा, हा टॅपेट नाही, तुमचा पाना आहे. डोळे उघडले तर ते खरंच वाकून पान्याने इंजिनाच्या बैठकीवर ठोकत होते. मनापासून हसले. म्हणाले, माणसाच्या हाताक इंजिनाचो वेग धरूक जमणा नाय रे, म्हणान तर कळता.

त्या एका शाबासकीवर दिवस झकास गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिशाच्या वडिलांची बोट आली. 'शेवंती', त्यांच्या आईच्या नावाची. नंदकुमार नाखवा म्हणजे बोटीचे मालक, गावात सगळे त्यांना नाखवाच म्हणतात. बोलणं कमी, नजर करडी. मला वरपासून खालपर्यंत पाहून मामांना म्हणाले, ह्यो टिकंल काय?

सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटात आहे. डेकवर एक चौकोनी झाकण, त्याच्या आतल्या अंगाला पत्रा मारलेला, आणि शिडीने खाली उतरायचं. लाटेत झाकण उडू नये म्हणून बाहेरून लोखंडी हूक आहे. आतून काही नाही.

तक्रार अशी: जोर नाही, काळा धूर आणि टकटक. इंजिन सांभाळणारा ड्रायव्हर चैतन्य माझ्याच वयाचा. सगळं व्यवस्थित सांगतो, उगाच शहाणपणा नाही. मी एकेक सिलिंडरचा डिझेलचा पाइप ढिला करत गेलो. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन अडखळतं. चारला काहीच फरक पडला नाही. म्हणजे चार आधीच मेलेला.

दिशा शिडीवर बसून बघत होती. चैतन्यने तिला हात देऊन वर घेतलं. तो हात त्याने जरा उशिरा सोडला. असेल, शेजारी आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी हीरो.

चार नंबरचा धुराचा व्हॉल्व्ह मामांनी काल दोनदा अठरावर बसवला. दोन्ही वेळा टकटक तशीच. मामा चिडले, गेज बदलून पाहिलं. मी रॉकर काढून नखाने चाचपला. टोकाला खळगा पडला होता. गेजची पट्टी खळग्यावर पुलासारखी आडवी बसायची आणि अठरा दाखवायची. खरी फट तीसच्या वर. पुढे खोदल्यावर बाकीचंही निघालं. ढकलणारी दांडी काचेवर लोळवली तर लंगडत गेली, म्हणजे वाकलेली. व्हॉल्व्हच्या दांड्यावर गंज. धुराच्या नळीतून समुद्राचं पाणी मागे शिरत होतं, कारण नळीच्या तोंडावरची झडप कधीच गळून पडलेली. पाण्याने गंज, गंजाने व्हॉल्व्ह अडकला, अडकल्याने दांडी वाकली.

मामांनी आपला चहा माझ्याकडे सरकवला. दिशा म्हणाली, देवव्रत, तू कॉलेज सोडलंस ते बरंच झालं. चैतन्यने पाठीवर थाप मारली आणि संध्याकाळी घरून तळलेले बोंबील आणून दिले. माणूस वाईट नाही. म्हणूनच राग येतो यार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

इंजिनाचं डोकं उतरवलं, नवे व्हॉल्व्ह घासून बसवले, नवा रॉकर, नवी दांडी. धुराची नळी आणि झडप चैतन्यने बदलली, जोडावर स्क्रूची लोखंडी पट्टी आवळली. गॅप सगळे मी लावले. सहा बारा, सहा अठरा. नट दोनदा तपासले. चालू केलं तर इंजिन शिवणयंत्रासारखं.

रविवारी दिशाशी बोलणार. ठरलं. कपडे धुऊन किनाऱ्यावरच्या बांबूंच्या वलांडीवर वाळत घातले, तर कोळणी मावश्यांनी आरडाओरड करून काढायला लावले. ती बोंबील वाळवायची जागा. आता शर्टाला वास आहे. चालेल. तिला सवय असणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

साखरपुडा होता.

मला आमंत्रण होतं. दिशानेच सकाळी फोन केला, ये ना रे, चैतन्यने खास सांगितलंय, त्याचं इंजिन तू जिवंत केलंस. घरात पाय ठेवेपर्यंत मला माहीत नव्हतं कोणाचा साखरपुडा. सगळ्या गावाला लहानपणापासून माहीत. मलाच कोणी सांगितलं नाही, कारण मी कोण?

जेवलो. फोटोत उभा राहिलो. चैतन्यच्या बोटात जाड अंगठी, दिशाने घातलेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मामांनी चैतन्यला सांगितलं, इंजिनात उतरताना अंगठी काढ. तो हसला. म्हणाला, मामा, कालच घातली, एवढ्यात काढली तर दिशा मारेल.

मी पाना फेकला. खाडीत.

उद्या ट्रायल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पोलिसांना जे सांगितलं तेच लिहितो.

भरतीला, अकराच्या सुमारास शेवंती बाहेर काढली. नाखवा सुकाणूवर, मी डेकवर, चैतन्य खाली इंजिनपाशी. दिशा जेट्टीवर थांबली. खाडीच्या तोंडाशी पाणी उडायला लागलं, नाखवा म्हणाले झाकण लाव. मी झाकण लावून हूक घातला. नेहमी घालतात. पुढे टकटक ऐकू आली. टॅपेट बोलत होता. परत आल्यावर झाकण उघडलं तर आत धूर. नळीच्या जोडावरची पट्टी निसटली होती. चैतन्य शिडीच्या खालच्या पायरीवर. डिझेल बंद करायचा कॉक अर्धा फिरवलेला सापडला.

अपघात, असं त्यांनी लिहून घेतलं.

दिशा ओरडली नाही, रडली नाही. त्याच्या हातातला पाना सोडवत बसली होती. बोटं घट्ट होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज मामांनी शेवंतीच्या इंजिनाचं झाकण उघडलं. मला बोलावून घेतलं. एकेक गॅप माझ्यासमोर मोजला. बारा. अठरा. बारा. अठरा. चार नंबरला पट्टी तीनदा घालून पाहिली. अठराचा अठरा. नट माझ्या खुणेवर, तसूभर हललेले नाहीत.

गेज पुसून मिटलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, टॅपेट नाय तर मगे बोललो कोण?

मी म्हटलं, माहीत नाही.

ते म्हणाले, झिला, नाहूरला आईकडे जा.

तर आता खरं लिहितो. कुठेतरी लिहायलाच हवं.

टकटक सुरू झाली तेव्हा नाखव्यांनी विचारलं, ह्यो आवाज कसला? माझ्या तोंडून काही निघायच्या आधी त्यांनी स्वतःच रेस दिली, आणि आवाज पळाला नाही. तो तिथेच होता, सावकाश, एक, मग एक. प्रत्येक ठोक्यामागे बारीक किणकिण. अंगठी पान्याला लागत होती. मला पहिल्या तीन ठोक्यांत कळलं. माझा कान तयार केलाय मामांनी.

नाखव्यांनी पुन्हा विचारलं, काय रं, तू मेकॅनिक ना? सांग की.

मी म्हणालो, टॅपेट बोलतोय. जेट्टीला जाऊन बघू.

मारायचं नव्हतं. देवाशप्पथ. वाटलं, खोकू दे जरा. काळतोंड्या होऊन वर येऊ दे, दिशासमोर. एक मिनिट. मग वाटलं, अजून एक. इंजिन जड पडत चाललं, स्वतःचाच धूर गिळत होतं, तेही ओळखलं. नाखवा म्हणाले, जोर कमी झाला. मी म्हटलं, टॅपेटमुळे.

ठोके मी मोजले. त्रेचाळीस. शेवटचे फार लांब लांब होते. मग थांबले, आणि नाखवा म्हणाले, बंद झाला बघ. मी मान हलवली.

३ डिसेंबर, बुधवार

गेलो नाही. का जाऊ? तिला आता कोणीतरी लागेल. हे लिहिताना लाज वाटायला हवी. वाटत नाही, हे बघून भीती वाटते.

आज दुसऱ्या एका बोटीचं इंजिन. धडधाकट, फक्त तेल बदलायचं होतं. चालू केलं आणि चार नंबरला टकटक. झाकण काढलं, गॅप बरोबर. पुन्हा चालू केलं. टक. किण. टक. किण. बोटीच्या मालकाला विचारलं, ऐकू येतंय? तो म्हणाला, काय?

मोजले. त्रेचाळीसला थांबलं.

७ डिसेंबर, रविवार

चैतन्यचा तेरावा. मी लांब उभा राहिलो. दिशाने पाहिलं, मान हलवली, बस.

तिथून जेट्टीवर आलो. भर दुपार, ओहोटी, शेवंती चिखलात कलंडलेली. बॅटरी मामांच्या गॅरेजात आहे, डिझेल काढून घेतलंय. इंजिन चालूच होऊ शकत नाही.

आतून आवाज येत होता. बाजूला बायका जाळं विणत होत्या. एकीने वर पाहिलं. मला वाटलं, तिलाही ऐकू आलं. ती मला म्हणाली, बाळा, ओठ काय मोजतायत तुझे?

११ डिसेंबर, गुरुवार

दिशा स्वतःहून आली. पोटमाळ्याच्या शिडीवर बसली. म्हणाली, कॉलेज सोडतेय, बाबा खचलेत, बोट आता मीच चालवणार. टॅपेटचा आवाज कसा ओळखायचा ते शिकव.

मी शिकवलं. मामांच्या चाचणीच्या इंजिनावर. तिच्या कानाला स्क्रूड्रायव्हर लावून दिला. रेस देऊन दाखवली. आवाज इंजिनाबरोबर पळाला तर टॅपेट. नाही पळाला तर दुसरं काहीतरी. मी पान्याने ठोकून दाखवलं, मामांनी मला दाखवलं होतं तसं. ती लगेच शिकली. हुशार आहेच.

मग इंजिन बंद केलं आणि म्हणाली, त्या दिवशी बाबांनी रेस दिली होती. आवाज पळाला होता का रे?

आत्ता सांगायचं होतं. हीच वेळ होती. तिचे डोळे अगदी शांत.

म्हणालो, हो. पळाला होता.

ती म्हणाली, बाबांना आठवत नाही. बरं झालं, तुला आठवतंय.

१५ डिसेंबर, सोमवार

नाखव्यांनी शेवंतीचं काम मलाच दिलं. मामा नको म्हणाले. दिशा म्हणाली, त्यालाच करू दे, त्यानेच लावलंय.

शिडी उतरलो. पुन्हा सगळे गॅप. बारा, अठरा. धुराच्या नळीवर एकाऐवजी दोन पट्ट्या आवळल्या. डिझेलच्या कॉकला तेल दिलं, करंगळीने फिरतो. काही शिल्लक ठेवलं नाही.

वर येऊन लावायला झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या पत्र्यावर पोचे. अर्धचंद्रासारखे, एकावर एक, पान्याच्या डोक्याच्या आकाराचे. पोलिसांनी पाहिले नसतील, झाकण उघडं असलं की ती बाजू खाली जाते.

मोजले. मोजायची गरज नव्हती.

१८ डिसेंबर, गुरुवार

आता सारखंच. नळातून पाणी टपकतं त्यात. मामा काठी टेकत चालतात त्यात. चहाच्या टपरीवर कपात चमचा ढवळतात त्यात, आणि प्रत्येक चमच्यामागे ती किण —

सॅक भरली. आईला फोन केला, येतोय म्हणालो. ती रडली. म्हणाली, कॉलेजचं बघू, माफीनामा बाबा लिहून देतील, तू फक्त सही कर.

मामांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तोंडाने. त्यांनी हातातलं गेज मिटलं. मग म्हणाले, माका नको सांगू. जेका सांगूक व्हया तेका सांग. मगच घरी जा.

खरं आहे. दिशाला सांगणार.

२० डिसेंबर, शनिवार

तिने फोन केला. उद्या ट्रायल, दहाची भरती. म्हणाली, गॅप तू लावलेत, तू नसलास तर चार नंबर कोण ऐकेल? सुकाणूवर ती असेल, बाबा बाजूला.

उद्या. समुद्रावर सांगेन. तिथे ती रडू शकेल, मला मारू शकेल. मग नाहूर.

रात्री घरी जाताना मामांनी माझा हात धरला. सोडला.

२१ डिसेंबर, रविवार

शेवंतीवर, इंजिनपाशी. वही सोबत आणली, गॅप लिहायला. टॉर्च आहे. फोन वर दिशाकडे, पाणी लागू नये म्हणून तिनेच मागून घेतला.

इंजिन छान आहे. चार नंबर ऐकला. शांत. कितीतरी दिवसांनी शांत. म्हणजे सांगायचं ठरवलं म्हणूनच असेल. वर जाऊन सांगतो. शब्द जुळवतोय —

पाणी उडतंय. ती म्हणाली, बाबा, झाकण लावा. हूक पडला. ठीक आहे. नेहमी लावतात.

 

धुराच्या नळीवरची पट्टी फिरतेय.

टॉर्च तिच्यावर धरला आहे. पट्टीचा स्क्रू फिरतोय, उलटा, सावकाश, आटा आटा. समोर कोणी नाही. मी दोन हातांनी दाबला. भाजलो. दुसरीही —

सुटली.

 

धूर. कॉककडे गेलो. अर्धा फिरला आणि अडला. करंगळीने फिरत होता. दोन्ही हातांनी — नाही.

शिडीवर आहे. झाकण हलत नाही. ओरडलो. इंजिनात माझं मलाच ऐकू येत नाही.

पाना आहे. ठोकतो.

 

ऐकलं त्यांनी. पावलं थांबली झाकणावर. दिशा, मी आहे —

रेस देतेय. तपासतेय ती. शाब्बास. मीच शिकवलं. आता घाई करायची नाही. सावकाश मारायचं. एक. थांब. एक. माणसाचा हात पळत नाही, हे तिला कळेल. कळलं की उघडेल. सगळं सांगेन, दिशा, सगळं —

हात पळतोय.

डाव्या हाताने लिहितोय. उजवा माझा नाही. पाना सुटत नाही. बोटांवर बोटं आहेत, गार, ग्रीसची, आणि एका बोटात — ती रेस वाढवते तसा हात वाढतो — ठोक्याला ठोका — किण — किण —

इंजिनाच्या आवाजात ऐकू येऊ नये. पण येतंय. दिशा बाबांना सांगतेय. पळाला बाबा. रेसबरोबर पळाला. देवव्रत खोटं नव्हता बोलत. टॅपेटच आहे. जेट्टीला जाऊन बघू —

मोजतोय कोण

एकेचाळीस

बेचाळीस

त्रे